जर्मनमधील सारखे दिसणारे शब्द : फरक नेमका कुठे असतो?

पिंपळपान

जर्मन शिकताना सुरुवातीला आर्टिकले (नामाआधी येणारे, त्याचे लिंग दाखवणारे छोटे शब्द) आणि विभक्ती यांचीच धास्ती असते. परंतु बी-१ या मध्यम पातळीच्या आसपास वेगळीच अडचण उभी राहते. शब्दसंग्रह वाढत जातो तसतसे नवे शब्द जुन्या शब्दांसारखे दिसू लागतात, आणि एका अक्षराच्या किंवा दोन टिंबांच्या फरकाने वाक्याचा अर्थ पार बदलतो. ‘ड्रुकेन’ म्हणजे छापणे आणि ‘ड्र्युकेन’ म्हणजे दाबणे. ‘त्साऽलेन’ म्हणजे पैसे देणे आणि ‘त्सेऽलेन’ म्हणजे मोजणे. ‘फोर्डर्न’ म्हणजे मागणी करणे आणि ‘फ्योर्डर्न’ म्हणजे प्रोत्साहन देणे. या शेवटच्या जोडीचे सख्य तर सरकारी कायद्यातही दिसते, कारण जर्मनीच्या सामाजिक संहितेच्या दुसऱ्या भागातील पहिल्या प्रकरणाचे शीर्षकच ‘फ्योर्डर्न उंट फोर्डर्न’ असे आहे, म्हणजे बेरोजगाराला साहाय्य करणे आणि त्याच्याकडून प्रयत्नांची अपेक्षाही ठेवणे.

अशा जोड्यांच्या याद्या सगळीकडे मिळतात आणि त्या पाठ करण्याचा सल्लाही मिळतो. माझा प्रश्न यादीचा नाही. हे शब्द वेगळे ओळखण्यासाठी मराठी माणसाला उपयोगी पडेल अशी काही दृष्टी आहे का, हे मला जाणून घ्यायचे आहे.

लेखनाविषयी एक खुलासा करतो. सर्व शब्द देवनागरीत लिहीत आहे. ओ आणि उ यांवर उमलाउटाची दोन टिंबे असतील तेथे ‘यो’ आणि ‘यु’ लिहिले आहे, लांब स्वरासाठी गरजेनुसार अवग्रह वापरला आहे. हे उच्चार अंदाजे आहेत हे गृहीत धरावे.

कौमुदी

धागा चांगला आहे. माझ्या मते पहिली पायरी म्हणजे प्रत्येक जोडीला ‘फरक कुठे आहे’ हा प्रश्न विचारणे. काही जोड्यांत तो स्वराच्या लांबीत असतो, काहींत उमलाउटात, काहींत केवळ लिंगात, काहींत फक्त कागदावर. हे सारे एकाच यादीत कोंबल्यामुळेच गोंधळ होतो.

स्वराच्या लांबीपासून सुरुवात करते, कारण मराठी भाषकांचे कान तेथेच दगा देतात. आपण ‘दिन’ आणि ‘दीन’ यांतला फरक शुद्धलेखनाच्या तासाला शिकतो, पण बोलताना बहुतेक जण दोन्ही शब्द सारखेच उच्चारतात. जर्मनमध्ये अशी ढिलाई चालत नाही. ‘श्टाट’ म्हणजे शहर आणि ‘श्टाऽट’ म्हणजे राज्यसंस्था. ‘बेट’ म्हणजे बिछाना, ‘बेऽट’ म्हणजे बागेतला वाफा. ‘मिटे’ म्हणजे मध्य, ‘मीटे’ म्हणजे भाडे. ‘ह्योले’ म्हणजे नरक आणि ‘ह्योऽले’ म्हणजे गुहा.

लेखनात याची खूण सहसा स्पष्ट असते. स्वरानंतर व्यंजन दुहेरी असेल तर स्वर ऱ्हस्व. स्वर दुहेरी असेल, किंवा त्याच्यामागे मुका एच असेल, तर स्वर दीर्घ. सी-के हे के या अक्षराचे आणि टी-झेड हे झेडचे दुहेरी रूप मानायचे. ‘मिट’, ‘इन’, ‘मान’ असे काही छोटे शब्द या नियमाला जुमानत नाहीत, पण ते इतके नित्याचे आहेत की त्यांचा त्रास होत नाही.

येथे मराठी माणसाची एक खास अडचण आहे. आपल्याकडे ‘पत्ता’, ‘कच्चा’, ‘गल्ली’ यांतले द्वित्त खरोखर उच्चारले जाते. त्यामुळे जर्मन शब्दात दोन टी दिसले की आपण ‘मिट्टे’, ‘बेट्ट’ असे जोर देऊन म्हणतो. जर्मनमध्ये ते दुसरे टी उच्चारासाठी लिहिलेले नसते. आधीचा स्वर आखूड आहे, एवढेच ते सांगते. टी एकच उच्चारायचा आणि लक्ष स्वराकडे द्यायचे. अनेक जर्मन शब्दकोशांत बलाघात असलेल्या ऱ्हस्व स्वराखाली टिंब आणि दीर्घ स्वराखाली रेघ छापलेली असते. नवा शब्द टिपताना ती खूणही उतरवून घ्यावी.

अनुस्वार

कौमुदी यांचा द्वित्ताचा मुद्दा अगदी मोलाचा आहे, आणि त्यात आणखी एका अक्षराची भर घालायला हवी. दुहेरी एस आणि ‘एस-त्सेट’ हे खास जर्मन अक्षर यांच्यातही हाच फरक असतो. ‘मासे’ या शब्दात दुहेरी एस असेल तर अर्थ वस्तुमान किंवा गर्दी. एस-त्सेट असेल तर पहिला स्वर दीर्घ आणि अर्थ मापे. १९९६ साली मान्य झालेल्या आणि १ ऑगस्ट १९९८ पासून लागू झालेल्या लेखनसुधारणेने हा नियम सरळ केला : दीर्घ स्वर किंवा जोडस्वर यांच्यानंतर एस-त्सेट, ऱ्हस्व स्वरानंतर दुहेरी एस. त्यामुळे त्यापूर्वी छापलेली पुस्तके वाचताना काही शब्द वेगळ्या वेषात भेटतात. स्वित्झर्लंडमध्ये मात्र एस-त्सेट वापरतच नाहीत, म्हणून तेथील मजकुरात ‘दंड’ आणि ‘बसगाड्या’ हे दोन्ही शब्द अक्षरशः एकसारखे दिसतात, आणि संदर्भावाचून गत्यंतर उरत नाही.

आता पिंपळपान यांच्या उमलाउटाच्या जोड्यांविषयी. यांतल्या बऱ्याच जोड्या मुळात एकाच घरातल्या आहेत. ‘ड्रुकेन’ हे ‘ड्र्युकेन’चेच दक्षिणेकडील, उमलाउट नसलेले रूप; छपाईच्या व्यवसायात ते रूढ झाले आणि दाबण्याच्या अर्थापासून वेगळे पडले. छापणे म्हणजे अखेर कागदावर खिळे दाबणेच होते. ‘त्साऽलेन’ आणि ‘त्सेऽलेन’ या दोहोंच्या मुळाशी ‘त्साऽल’ म्हणजे संख्या हा शब्द आहे. सर्वांत मजेशीर जोडी म्हणजे ‘शोन’ आणि ‘श्योन’. ‘श्योन’ म्हणजे सुंदर, आणि ‘शोन’ म्हणजे आधीच. हे ‘शोन’ पूर्वी ‘श्योन’चे क्रियाविशेषण होते, म्हणजे ‘छानपणे, नीट’. ‘नीट झाले’ येथून ‘झालेच’ येथवर अर्थ सरकत गेला. ‘फेस्ट’ म्हणजे घट्ट आणि ‘फास्ट’ म्हणजे जवळजवळ, यांचेही नाते नेमके असेच आहे. व्युत्पत्ती परीक्षेत विचारत नाहीत, परंतु दोन शब्द का सारखे आहेत हे कळले की ते वेगळे ठेवणे सोपे जाते, असे माझे मत आहे.

दहिवर

मी काही वर्षे जर्मन शिकवत आहे, आणि अनुस्वार यांच्याशी थोडा मतभेद नोंदवतो. व्युत्पत्ती ज्याला आवडते त्याला तिचा उपयोग होतो. इतरांच्या डोक्यात मात्र ‘हे दोन शब्द एकच आहेत’ एवढेच उरते, आणि ऐन बोलण्याच्या वेळी दोन्ही एकदम जिभेवर येतात. माझ्या वर्गात मी जोडीतले दोन शब्द एकाच दिवशी कधीच शिकवत नाही. आधी ‘त्साऽलेन’ वाक्यांत मुरू द्यावे, बिल मागताना, भाडे भरताना. आणि ते पक्के झाल्यावर मग ‘त्सेऽलेन’ आणावे. दोन्ही अनोळखी शब्द शेजारी ठेवून पाठ केले तर फरक लक्षात राहत नाही, साम्य लक्षात राहते.

उमलाउटाचा उच्चार मात्र पहिल्या दिवसापासून नेटाने करून घ्यावा लागतो. ओठ ‘ऊ’साठी गोल करावेत आणि आत जीभ ‘ई’साठी ठेवावी, म्हणजे उ-उमलाउट मिळतो, ओठ ‘ओ’चे आणि जीभ ‘ए’ची ठेवली की ओ-उमलाउट. ‘यु’ आणि ‘यो’ ही केवळ लिहिण्याची सोय आहे, तसे बोलू नये. दमट हवेला ‘श्व्यूल’ म्हणायचे असते आणि टिंबे गाळली तर तो समलिंगी पुरुषासाठीचा शब्द होतो, हे उदाहरण वर्गात एकदा सांगितले की टिंबांचे महत्त्व पुन्हा सांगावे लागत नाही.

चर्च आणि चेरी या अर्थाच्या शब्दांचेही तसेच आहे. चेरीच्या शब्दात आपला ‘श’ चालतो. चर्चच्या शब्दात जो सी-एच आहे, त्यासाठी ‘ह्या’ हा शब्द कुजबुजत म्हणून पाहावा. कुजबुजताना जो ‘ह्य’ निघतो तो त्या जर्मन ध्वनीच्या बराच जवळ असतो.

निळावंती

वरील चर्चेत क्रियापदांच्या जोड्या आल्या नाहीत, आणि माझ्या मते मराठी माणसाला खरा आधार तेथेच आहे. पुढील जोड्या पाहा.

‘लीगेन’ म्हणजे पडून असणे, ‘लेगेन’ म्हणजे आडवे ठेवणे. ‘झित्सेन’ म्हणजे बसलेले असणे, ‘झेत्सेन’ म्हणजे बसवणे. ‘फालेन’ म्हणजे पडणे, ‘फेलेन’ म्हणजे झाड वगैरे पाडणे. ‘झिंकेन’ म्हणजे बुडणे किंवा खाली जाणे, ‘झेंकेन’ म्हणजे खाली आणणे, कमी करणे. ‘ट्रिंकेन’ म्हणजे पिणे, ‘ट्रेंकेन’ म्हणजे जनावराला पाजणे. ‘श्प्रिंगेन’ म्हणजे उडी मारणे, ‘श्प्रेंगेन’ म्हणजे स्फोटाने उडवून देणे.

आता मराठीकडे पाहा : पडणे–पाडणे, बसणे–बसवणे, तुटणे–तोडणे, सुटणे–सोडणे, पिणे–पाजणे, उडणे–उडवणे. स्वतः घडणारी क्रिया आणि कोणी तरी घडवून आणलेली क्रिया, असा हा संबंध आहे, आणि तो दाखवण्यासाठी मूळ स्वर बदलायचा ही युक्ती आपल्याला परकी नाही. ‘फालेन–फेलेन’ ही जोडी ‘पडणे–पाडणे’ म्हणून लक्षात ठेवणाऱ्याला ती वेगळी पाठ करावी लागत नाही.

हे साम्य योगायोगाचे नाही. गॉथिक या प्राचीन जर्मनिक भाषेत बसणे म्हणजे ‘सिटान’ आणि बसवणे म्हणजे ‘साट्यान’ होते. संस्कृतात ‘सद्’ धातूची रूपे ‘सीदति’ आणि ‘सादयति’ अशी होतात. ‘साट्यान’मधला ‘य’ आणि ‘सादयति’मधला ‘अय’ हे एकाच प्राचीन प्रयोजक प्रत्ययाचे वंशज आहेत. पुढे जर्मनमध्ये त्या ‘य’ने आधीच्या ‘आ’ला आपल्याकडे ओढून ‘ए’ केले आणि स्वतः नाहीसा झाला, तेच ‘झेत्सेन’. उमलाउट म्हणतात तो हाच, पुढच्या अक्षरातल्या ‘इ’ किंवा ‘य’च्या प्रभावाने झालेला स्वरबदल. अनुस्वार यांचा मुद्दा आणि हा मुद्दा असे एकमेकांना मिळतात.

याचा व्यवहारातील उपयोग दुहेरी आहे. पहिला, भूतकाळाचा. मूळ क्रियापदे अनियमित चालतात आणि प्रयोजक क्रियापदे नियमित. लीगेनचे ‘लाग’ होते, पण लेगेनचे ‘लेग्टे’; फालेनचे ‘फील’, पण फेलेनचे ‘फेल्टे’. दुसरा उपयोग विभक्तीचा. मराठीत पुस्तक ‘टेबलावर आहे’ आणि पुस्तक ‘टेबलावर ठेवले’ यांत ‘टेबलावर’ बदलत नाही. जर्मनमध्ये पडून असलेल्या पुस्तकासाठी ‘आउफ डेम टिश’ अशी डेटिव्ह विभक्ती येते आणि ठेवण्याच्या क्रियेसाठी ‘आउफ डेन टिश’ अशी अक्युझेटिव्ह विभक्ती. म्हणजे क्रियापद आणि विभक्ती एकमेकांवर पहारा ठेवतात. एक चुकले तर दुसऱ्यावरून पकडता येते.

‘श्टेएन–श्टेलेन’, म्हणजे उभे असणे आणि उभे ठेवणे, ही जोडी व्युत्पत्तीने थोडी वेगळी आहे, पण वागते अशीच. ‘हेंगेन’मध्ये तर दोन्ही अर्थ एकाच रूपात आहेत आणि भूतकाळातच वेगळे होतात : चित्र भिंतीवर लटकत होते तर ‘हिंग’, कोणी लटकवले तर ‘हेंग्टे’.

पिंपळपान

निळावंती यांच्या प्रतिसादासाठी विशेष आभार. याद्यांमध्ये हे कोठेही वाचले नव्हते. दहिवर यांचा मुद्दाही पटतो, पण वरील क्रियापदांच्या बाबतीत जोडी एकत्र शिकणेच सोयीचे वाटते, कारण तेथे साम्यालाच अर्थ आहे.

आणखी एक प्रश्न आहे. ‘दास’ एका एसचे की दोन एसचे, हे श्रुतलेखनात कसे ठरवायचे? ऐकताना तर काहीच फरक नसतो.

कौमुदी

शाळेत जर्मन मुलांनाही हाच प्रश्न पडतो, आणि त्यांना बदलून पाहण्याची कसोटी शिकवतात. ‘दास’च्या जागी ‘डीझेस’, ‘येनेस’ किंवा ‘वेल्शेस’ घालून वाक्य टिकले तर एस एकच. न टिकल्यास दोन. मराठीतून पाहायचे तर एका एसचे ‘दास’ म्हणजे ‘ते’ किंवा ‘जे’, आणि दोन एसचे म्हणजे ‘की’. ‘मला वाटते की तो येईल’ यातला ‘की’ दोन एस मागतो.

अनुस्वार

‘की’ची कसोटी सावधपणे वापरावी. ‘तो येणार हे मला ठाऊक आहे’ या मराठी वाक्यात ‘की’ नाही, तरी जर्मनमध्ये दोन एसचेच ‘दास’ लागते. उलट ‘तो येणार की नाही, ठाऊक नाही’ यात ‘की’ आहे, पण जर्मनमध्ये तेथे ‘ओप’ येते. बदलून पाहण्याची जर्मन कसोटीच अधिक भरवशाची आहे. सुधारणेपूर्वीच्या पुस्तकांत हे दुसरे ‘दास’ एस-त्सेटने लिहिलेले आढळेल, एवढे ध्यानात असू द्यावे.

रानवाट

केवळ कागदावर वेगळे असणारे शब्द बरेच आहेत, आणि त्यांतले अनेक शेवटच्या अक्षराच्या कठोर उच्चारामुळे निर्माण झालेले आहेत. शब्दाच्या शेवटी लिहिलेला डी जर्मनमध्ये ‘ट’ होतो, बी ‘प’ होतो, जी ‘क’ होतो. म्हणून चाक आणि सल्ला या दोन्हींचा उच्चार ‘राट’. शंका आली तर शब्द लांबवावा : चाकाचे अनेकवचन ‘रेडर’, तेथे डी उघडा पडतो. मृत्यूसाठीचे नाम डीने आणि मृत या अर्थाचे विशेषण टीने लिहितात. ‘टोडेस’ आणि ‘टोटे’ ही रूपे म्हटली की उलगडा होतो. ‘झाइट’ या शब्दाला ही युक्ती लागू पडत नाही, परंतु तेथे व्याकरण मदतीला येते : काळाचा उल्लेख असेल तर टी, आणि ‘तुम्ही आहात’ या अर्थाचे क्रियापद असेल तर डी.

आय-ई आणि ई-आय या जोडाक्षरांसाठी तर एवढेच पुरे : दुसऱ्या अक्षराचे इंग्रजी नाव तोच उच्चार. आय-ई म्हणजे ‘ई’, ई-आय म्हणजे ‘आय’. गाणे ‘लीट’, दुःख ‘लाइट’. इंग्रजीचा उपयोग मात्र येथेच थांबवावा, कारण ‘वेर’ म्हणजे कोण आणि ‘वो’ म्हणजे कुठे, आणि इंग्रजीच्या सवयीने ते नेमके उलटे वाटतात.

निळावंती

लिंगाने वेगळे होणारे शब्द राहिले. पुल्लिंगी ‘झे’ म्हणजे तलाव, स्त्रीलिंगी ‘झे’ म्हणजे समुद्र. पुल्लिंगी ‘लाइटर’ म्हणजे प्रमुख, स्त्रीलिंगी म्हणजे शिडी. नपुंसकलिंगी ‘श्टॉयर’ म्हणजे गाडी चालवताना हातात धरतो ते चाक, स्त्रीलिंगी म्हणजे कर. नपुंसकलिंगी ‘गेहाल्ट’ म्हणजे पगार, पुल्लिंगी म्हणजे आशय किंवा घटकाचे प्रमाण. यात नवल वाटण्याचे कारण नाही. ‘माझा वेळ गेला’ आणि ‘माझी वेळ गेली’ यांतला फरक मराठी माणसाला कोणी समजावून सांगत नाही. तो हार गळ्यात पडतो आणि ती हार पदरात पडते. आपण लिंग शब्दाचाच भाग मानतो, आणि जर्मनमध्येही आर्टिकलासकटच शब्द शिकायचा असतो.

‘झी’ या सर्वनामाबाबतही हेच म्हणता येईल. ‘ती’ आणि ‘ते लोक’ या दोहोंसाठी एकच शब्द कसा, असे विद्यार्थी विचारतात. मराठीत ‘ती जाते’ आणि ‘ती जातात’ म्हणताना पहिली ‘ती’ एक स्त्री असते आणि दुसरी ‘ती’ मुले असतात, आणि ते क्रियापदावरूनच कळते. ‘झी गेट’ आणि ‘झी गेएन’ यांचेही तसेच आहे. आदरार्थी ‘झी’ला मोठे अक्षर आणि अनेकवचनी क्रियापद असते, जे आपल्या ‘आपण’ला शोभेल असेच आहे.

दहिवर

अनेकवचनाने वेगळे होणारे शब्दही जोडतो. ‘बांक’ म्हणजे बाकडे असेल तर अनेकवचन ‘बेंके’, पैसे ठेवायची बँक असेल तर ‘बांकेन’. ‘मुटर’ म्हणजे आई असेल तर ‘म्युटर’, आणि बोल्टवर बसवायचे नट असतील तर ‘मुटर्न’. ‘वोर्ट’ची दोन अनेकवचने आहेत : सुटे शब्द ‘व्योर्टर’, म्हणून शब्दकोश ‘व्योर्टरबूख’, आणि कोणी बोललेले अर्थपूर्ण शब्द ‘वोर्टे’.

‘बिटेन’, ‘बीटेन’ आणि ‘बेऽटेन’ या त्रिकुटाकडेही लक्ष वेधतो. विनंती करणे, देऊ करणे आणि प्रार्थना करणे, असे त्यांचे अर्थ आहेत. खरी मेख भूतकालवाचक रूपांत आहे, कारण विनंतीचे रूप ‘गेबेटेन’ होते आणि ते दिसायला प्रार्थनेच्या जवळचे वाटते. प्रार्थनेचे मात्र ‘गेबेटेट’, आणि देऊ करण्याचे ‘गेबोटेन’. येथे युक्ती वगैरे काही नाही, रूपे पाठच करावी लागतात.

पिंपळपान

शेवटची शंका. ‘उमफारेन’ या क्रियापदाचे दोन परस्परविरोधी अर्थ शब्दकोशात दिले आहेत : वळसा घालून जाणे आणि धडक देऊन पाडणे. लेखन तंतोतंत सारखे आहे. मग वाचताना कसे ओळखावे?

रानवाट

मूळ रूपात फरक फक्त आघाताचा आहे. ‘उम’वर जोर असेल तर पाडणे, ‘फा’वर जोर असेल तर वळसा घालणे. वाक्यात मात्र लेखनातूनही कळते, कारण जोर असलेला उपसर्ग क्रियापदापासून सुटतो. ‘एर फेर्ट डेन बाउम उम’ म्हणजे तो गाडी झाडावर घालून ते पाडतो. ‘एर उमफेर्ट डेन बाउम’ म्हणजे तो झाडाला वळसा घालून जातो. भूतकालवाचक रूपात पहिल्याचे ‘उमगेफारेन’ होते, दुसऱ्यात ‘गे’ येतच नाही. ‘युबरझेत्सेन’ही असेच चालते : जोर ‘झेत्’वर असेल तर भाषांतर करणे, ‘यु’वर असेल तर नावेतून पलीकडे नेणे, आणि नाव पलीकडे पोहोचली की रूप होते ‘युबरगेझेत्स्ट’.